जुन्या ४०७ ची स्लो टिकेना: पंप उतरवायच्या आधी काय काय पाहिलं

गाडी टाटा ४०७, वीस वर्षांच्या वर झालेली, ४९७ चं चार सिलेंडरचं २९५६ सीसीचं इंजिन, टर्बो नाही, डिझेल दाबून नोझलला पाठवणारा माइको-बॉशचा इनलाइन पंप आणि त्याच्या पाठीला डिझेल कमी-जास्त करणारा मेकॅनिकल गव्हर्नर. काम वरुडकडचं, संत्र्याचं. बागेतून माल मंडीत टाकायचा आणि मधून मधून काटोलवरून नागपूरला कळमन्याच्या मार्केटात जायचं. तक्रार साधीच होती, गाडी उभी केली की स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन ज्या वेगानं चालत राहतं तो, टिकत नाही, आवाज वर जातो खाली येतो, वर जातो खाली येतो, आणि कधी कधी खाली गेला की परत वर येतच नाही, बंदच पडते.

ड्रायव्हर भाऊच्या शब्दात सांगायचं तर "रस्त्यानं सोन्यासारखी चालते बा, उभी केली का झुलून रायली, अन् सिग्नलवर तं पाय काढलाच का मेली."

माझ्याकडे गाडी आली तेव्हा आधीच बरंच काही झालेलं होतं. डिझेलचे दोन्ही फिल्टर नवीन, नोझल एका पंपरूमवाल्याकडून (डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करणारा) चेक करून आणलेले, बॅटरी नवीन, आणि स्लोचा स्क्रू तर इतक्या जणांनी फिरवलेला की त्याच्या लॉकनटचे कोपरेच गोल झाले होते. पंपरूमवाल्यानं शेवटी सांगितलं होतं की पंपच उतरवा, प्लंजर (पंपातला डिझेल दाबणारा दट्ट्या), डिलिव्हरी वॉल्व्ह, गव्हर्नरचा किट सगळं टाकू, वीस-पंचवीस हजार धरा. अंबिया बहाराची संत्री ऐन तोडणीला आलेली, अशा वेळी गाडी आठवडाभर उभी करणं मालकाला परवडत नव्हतं आणि तेवढा पैसा पण नव्हता, म्हणून ते मध्ये माझ्याकडे डोकावले. मालक वयानं मोठे आहेत, मी त्यांना काकाजीच म्हणतो. ते म्हणे, "पंप गेला म्हणते सगळे, तू एकडाव पाहून घे ना, मंग उतरवू."

आता इथे थोडं थांबून सांगतो की डिझेलची स्लो झुलणे म्हणजे काय, कारण हे समजलं नाही तर माणूस स्क्रूच फिरवत बसतो. ज्यांनी पेट्रोलच्या इंजेक्शन गाड्यांवर काम शिकलं त्यांच्या डोक्यात पहिले हवा येते. थ्रॉटल बॉडीला कार्बन जमला असेल, आयडलचा वॉल्व्ह जाम असेल, कुठून तरी व्हॅक्यूम लीक असेल. पेट्रोलला ते बरोबरच आहे, तिथे हवा मोजून आत सोडतात आणि त्या हिशोबानं पेट्रोल पडतं. ४०७ सारख्या जुन्या मेकॅनिकल गव्हर्नरच्या डिझेलला हवा पूर्णच आत येते, तिला कोणी अडवत नाही, स्लो ठरते ती फक्त डिझेल किती पडलं त्यावर. आणि ते किती पाडायचं हे गव्हर्नर ठरवतो. आरपीएम पडला की गव्हर्नरची वजनं आत येतात, स्प्रिंग रॅकला, म्हणजे पंपातल्या डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला, पुढे ढकलते, डिझेल वाढतं. आरपीएम वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, रॅक मागे येतो, डिझेल कमी होतं. म्हणजे स्लो झुलत असेल तर गव्हर्नर काहीतरी सावरून राहिला आहे. एक तर तो स्वतः सुस्त झाला आहे, रॅक कुठे तरी अडकतो, नाही तर त्याला जे डिझेल मिळतं तेच सारखं नाही. पंपरूमवाल्यानं पहिली शक्यता धरली. मला दुसरी आधी पाहायची होती, कारण ती पाहायला पंप उतरवावा लागत नाही आणि पैसे पण लागत नाहीत.

आणि हा थोडा हिशोब पण करून पहा. चार सिलेंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ७०० आरपीएमवर मिनिटाला १४०० वेळा डिझेल मारतं, म्हणजे तासाला ८४ हजार वेळा. एवढं इंजिन उभ्या उभ्या तासाला लिटरभर डिझेल खातं असं धरलं तर एका वेळेला नोझलमधून पडतं १२ घन मिलिमीटरच्या आसपास. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब असतो ५० घन मिलिमीटरचा. म्हणजे थेंबाचा चौथा हिस्सा. आता त्यात हवेचा एक बारीक बुडबुडा आला तर प्लंजर आधी त्या हवेलाच दाबत बसतो, हवा दबते, डिझेल दबत नाही, आणि त्या स्ट्रोकला नोझल नीट उघडतच नाही. लोडवर एका स्ट्रोकला कितीतरी जास्त डिझेल जातं तिथे तोच बुडबुडा लपून जातो, फार तर एखादा झटका येतो. स्लोवर तो लपत नाही. म्हणून "रस्त्यानं सोन्यासारखी" हे ऐकून माझा संशय पंपावरून अर्धा उठला होता.

गाडीला हात लावायच्या आधी मी भाऊला बसवून विचारलं, केव्हा जास्त होते, सकाळी का दुपारी, गरम का थंड, लोड उतरवल्यावर का भरल्यावर. तो म्हणे तसं काही नाही, कधी होते कधी नाही. मग म्हटलं सकाळी स्टार्टला कशी आहे. इथे पहिल्यांदा कामाची गोष्ट निघाली. म्हणे सकाळी कधी एका सेल्फात लागते आणि कधी हँड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप) मारल्याशिवाय लागतच नाही, म्हणून तर बॅटरी बदलली. बॅटरी बदलल्यावर लागायला लागली का? "चार-पाच दिस लागली, मंग परत तेच." फिल्टर टाकल्यावर? "तवा बी बरी चालली दोन-चार दिस." नोझल करून आणले तेव्हा? "तवा तं एकदम मस्त, नागपूर जाऊन आली ना."

प्रत्येक काम केल्यावर गाडी सुधारते आणि मग परत बिघडते. असं जिथे ऐकू येईल तिथे मी तरी असं धरतो की कामानं काही झालेलं नाही, कामाच्या बरोबर अजून काहीतरी बदलत असलं पाहिजे. मी विचारलं, "त्या टायमाले टाकी किती होती?"

"टाकीचा काय संबंध हाये भाऊ?"

संबंध असा निघाला की गाडी गॅरेजातून काढली की काकाजी स्वतः पेट्रोल पंपावर टाकी फुल करून देत, कारण गॅरेजनंतर बहुतेक वेळा नागपूरची फेरी असायची. आणि गावातल्या गावात बाग ते मंडी करताना भाऊ पाचशे-हजाराचं टाकून काम चालवायचा, काटा खालीच. हे त्या दोघांना कधी जोडून पाहावंसं वाटलं नाही, वाटणार पण कसं. पण मला हवेचा वास आला. फक्त हवा कुठून येते हे नुसत्या बोलण्यावरून सांगता येत नाही, ते दाखवावं लागते.

तरी पण पहिले बाकीच्या स्वस्त गोष्टी काढून टाकल्या, कारण एका गाडीला एकच आजार असतो असं काही लिहिलेलं नाही. ॲक्सिलरेटरचा रॉड पंपाच्या लिव्हरवरून सोडवला. जुन्या गाडीत इंजिनचं माउंटिंग बसलेलं असलं की इंजिन हलतं, रॉड लिव्हरला ढकलतो-ओढतो आणि स्लो झुलल्यासारखी वाटते, गव्हर्नरचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. रॉड सोडला, लिव्हर स्लोच्या स्क्रूला टेकलेला पाहिला, झुलणं तसंच. मग बंद करायची वायर. ती आखडली असेल तर बंद करायचा लिव्हर पूर्ण मागे येत नाही, रॅक अर्धवट ओढलेला राहतो आणि गाडी स्लोवर मरते. वायरमध्ये माती भरलेली होती, साफ करून तेल टाकलं, लिव्हर मोकळा झाला, पण झुलणं गेलं नाही.

मग क्रँक पुलीला चमकणारी पट्टी चिकटवून हातातला टॅकोमीटर लावला. हा प्रकार आता हजार-दीड हजारात मिळतो आणि डिझेलचं काम करणाऱ्यानं ठेवायलाच पाहिजे, कानानं "सातशेच आहे" म्हणणारे लोक मी बरेच पाहिले. इंजिन गरम, आकडा ५४० वरून ८६० पर्यंत जात होता आणि परत, एका लयीत, साधारण दोन सेकंदाला एक झोका. अशा इंजिनाला साडेसहाशे ते सातशेच्या मध्ये स्लो पाहिजे, तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

एखादा सिलेंडर मंद असेल तर ते पण पाहावं म्हणून एकेका नोझलच्या पाईपचा नट ढिला करून पाहिला. झुलत्या स्लोवर ही टेस्ट करून काही कळत नाही, आकडा आधीच नाचतो, म्हणून लिव्हर थोडा धरून हजाराच्या आसपास ठेवला, तिथे इंजिन बऱ्यापैकी स्थिर होतं. चारही सिलेंडरला नट ढिला केला की आकडा जवळपास सारखाच पडत होता. म्हणजे कोणी एक नोझल किंवा एक प्लंजर दोषी नाही. हे करताना नटावर जाड कापड धरा, तोंड बाजूला ठेवा, डोळ्याला चष्मा लावा, दाबातलं डिझेल कातडीत घुसलं तर हात जाऊ शकतो, ती जखम बारीक दिसते आणि आतून सडवते. आणि कॉमनरेलच्या गाडीला हे काम चुकूनही करू नका, तिथे रेलमधला दाब हजार-दीड हजार बार आणि त्याच्याही वर जातो. तिथे स्कॅनर लावून सिलेंडरवार आकडे पाहायचे, पाना लावायचा नाही.

आता हवेकडे. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा ब्लीडिंग स्क्रू उघडला, हँड प्रायमर मारला, फेसाळ डिझेल आलं, मग साफ आलं, स्क्रू बंद. इंजिन चालू केलं तर स्लो एकदम शांत. भाऊ खुश. दोन-तीन मिनिटं झाली नाहीत तर परत तोच झोका. हवा काढली, बरी झाली, परत हवा आली, म्हणजे आत येण्याचा रस्ता चालू आहे. इथे बरेच जण फिल्टरपासून पंपापर्यंतचे बँजोचे (पाईप जोडायच्या पोकळ बोल्टचे) वॉशर बदलत बसतात. पण फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप) पुढची लाईन दाबात असते, तिथे ढिलं असेल तर चालू इंजिनावर डिझेल बाहेर ठिपकतं, दिसतं. फीड पंपाच्या मागची, टाकीकडची लाईन ओढीत असते. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, वरून लाईन कोरडी ठणठणीत दिसते. या गाडीची सगळी लाईन कोरडी होती आणि तेच पंपरूमवाल्याला पटलं असणार की डिझेल लाईन ओके आहे.

म्हणून बाहेरची कॅन लावली. टाकीची लाईन फीड पंपावरून काढून टाकली, नवीन रबरी पाईप लावून त्याचं दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवलं. कॅन जमिनीवरच ठेवली, टाकीपेक्षा वर टांगली नाही. पुष्कळ जण कॅन कॅबिनवर ठेवतात, मग डिझेल उताराने येतं, ओढ राहत नाही आणि फीड पंपाच्या स्वतःच्या सीलमधून किंवा प्रायमरमधून हवा जात असेल तर ती पण लपते. जमिनीवरच्या कॅनवर इंजिन चालू केलं, हवा काढली आणि सोडून दिलं. आम्ही चहा घेतला, काकाजींचे दोन फोन झाले, स्लो हलली नाही. म्हणजे फीड पंप, त्याचा प्रायमर, फिल्टर, ओव्हरफ्लो वॉल्व्ह, पंप, गव्हर्नर हे सगळे या झुलण्यातून सुटले. वीस-पंचवीस हजाराचा प्रश्न एका कॅनवर आणि दोन हात रबरी पाईपवर निकाली निघाला, हे मला अजूनही सांगावंसं वाटते कारण पंप उतरवायच्या आधी ही टेस्ट कोणीच करून पाहत नाही.

आता टाकी ते फीड पंप एवढाच तुकडा राहिला. जुनी लाईन परत जोडली, पण फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक पाईप घातला. इंजिन चालू केलं आणि त्यात बुडबुड्यांची माळ सुरू झाली. बारीक बारीक, एकसारखे. मग तीच लाईन टाकीपासून सोडून तिचं टोक कॅनमध्ये टाकलं, म्हणजे चेसिसवरून येणारा पूर्ण पाईप आणि त्याच्या क्लिपा वापरात, फक्त टाकी नाही. बुडबुडे बंद. मी परत टाकीला जोडलं, बुडबुडे चालू.

भाऊ म्हणे, "टाकीतच हवा हाये म्हणजे?"

टाकीत हवा असतेच, पण टाकीतून डिझेल वर ओढायला एक उभा पाईप असतो, टाकीच्या डोक्यावरच्या प्लेटीतून खाली तळाजवळ गेलेला. त्या पाईपला मध्ये कुठे चीर असेल तर डिझेल चिरेच्या वर आहे तोवर चिरेतून पण डिझेलच ओढलं जातं, काही कळत नाही. डिझेल चिरेच्या खाली गेलं की खालून डिझेल आणि चिरेतून हवा, दोन्ही सोबत. आणि रात्री गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरून पाईपमधलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं, म्हणून सकाळी प्रायमर. फुल टाकीला एका सेल्फात, कमी टाकीला प्रायमर. बॅटरी निर्दोष सुटली.

पण हे झालं डोक्यातलं. टाकी उघडायच्या आधी खात्री पाहिजे होती, ती अशी केली की पारदर्शक पाईपमध्ये बुडबुडे चालू असताना भाऊला कॅनमधून टाकीत डिझेल ओतायला लावलं. हळूहळू ओतत गेला, काटा अर्ध्याच्या थोडा वर सरकला आणि बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. स्लो पण तिथेच जागेवर आली. मग टाकीच्या खालच्या प्लगमधून थोडं डिझेल परत काढलं, बुडबुडे परत. हे काकाजींनी स्वतः डोळ्यानं पाहिलं आणि त्यानंतर पंप उतरवायचं नावच काढलं नाही.

टाकी मूळची नव्हती. जुनी गंजली म्हणून मागे केव्हा तरी एका लोकल बनवणाऱ्याकडून पत्र्याची बनवून घेतलेली, साठेक लिटरची. प्लेट उघडून पाईप वर काढला तर त्यानं दोन तुकडे जोडून पाईप केलेला, जोड मध्येच, अर्ध्या उंचीच्या जरा वर, आणि जोडाला पितळी झाळ. आपल्या इकडच्या शेतरस्त्यांवर बारा महिने हादरे खाऊन त्या झाळीला केसाएवढी चीर गेली होती. उघड्या डोळ्यानं दिसलीच नसती, एका टोकाला बोट लावून साबणाच्या पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकानं फुंकलं तेव्हा तिथून फुगे निघाले. चिरेची उंची आणि काट्याची ती जागा बरोबर जुळत होती.

झाळ परत मारून घेतली असती तर चाललं असतं का? चाललं असतं काही महिने. मी नाही मारू दिली. एका तुकड्याचा सलग पाईप करून घेतला, खालचं टोक तिरपं कापलं आणि तळापासून इंचभर वर ठेवलं म्हणजे तळातला गाळ-पाणी ओढला जात नाही. टोकाला जाळी. पाईप बाहेर काढून, धुऊन, दूर नेऊन काम केलं. टाकीला वेल्डिंगचं कोणतंही काम, रिकामी असली तरी, टाकी वाफ काढून साफ केल्याशिवाय करू नका, रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची असते कारण आत वाफ भरून राहते. टाकीच्या तळातून बरंच पाणी पण निघालं, ते निघणारच होतं, अर्धी टाकी ठेवून रात्री थंडीत उभ्या राहणाऱ्या गाडीत आतल्या पत्र्यावर दव धरतं.

इथे लोक गाडी देऊन टाकतात, पण काम अर्धच झालेलं होतं. सगळं जोडून, हवा काढून चालू केलं तर झोका गेला पण स्लो जवळपास नऊशेला, कारण बंद पडू नये म्हणून मागच्या प्रत्येकानं स्क्रू थोडा थोडा आत घातलेला. एवढ्या स्लोवर गियर टाकताना खडखडते, क्लच झिजतो, डिझेल फुकट जळतं. इंजिन चांगलं गरम करून स्क्रू मागे घेत आणला. सातशेपर्यंत शांत आली, साडेसहाशेच्या जवळ गेली की परत हलका झोका, आता पन्नास-साठ आरपीएमचाच, पण होता. पारदर्शक पाईपमध्ये एक पण बुडबुडा नाही, म्हणजे हा झोका हवेचा नव्हता.

या जातीच्या गव्हर्नरच्या मागच्या झाकणात एक वेगळा स्क्रू असतो, त्याच्या आत छोटी स्प्रिंग, स्लोवर रॅक मागे येताना तिला टेकतो आणि त्याचं मागे-पुढे करणं दबतं. त्या स्क्रूवरचा रंग तुटलेला होता, कोणीतरी आधी झुलणं घालवायला तो पण फिरवून पाहिला होता आणि मागे घेऊन ठेवला होता. लॉकनट ढिला करून तो अगदी थोडा थोडा, पाव आट्याच्या आत, आत घेतला, झोका थांबला तिथेच सोडला, लॉकनट घट्ट. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, हा स्क्रू जास्त आत गेला तर लोड नसताना रॅक पूर्ण मागे येऊ शकत नाही आणि इंजिन वरच्या आरपीएमला पळत सुटायची भीती असते. म्हणून फिरवल्यावर मोकळ्या गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून वरचा आकडा टॅकोमीटरवर पाहायचा, तो आधी होता तेवढाच राहिला पाहिजे आणि पाय काढल्यावर इंजिन न अडखळता खाली आलं पाहिजे. दोन्ही ठीक होतं. शिक्का असलेल्या फुललोडच्या आणि वरच्या आरपीएमच्या स्क्रूला मी हात लावला नाही, ते टेस्ट बेंचवरचं काम आहे, रस्त्यावरचं नाही.

ज्यांची गाडी याहून जुनी आहे आणि जिचा गव्हर्नर व्हॅक्यूमवर चालतो, इनटेकपासून पंपाच्या पाठीपर्यंत एक बारीक पाईप जातो, त्यांनी मात्र हा क्रम थोडा बदलायचा. तिथे त्या पाईपची चीर आणि आतला डायफ्राम हे पहिले पाहायचे, चामड्याचा डायफ्राम वाळून फाटला की गाडी अशीच झुलते.

सगळा खर्च दोन हजाराच्या आत बसला, त्यात पाईप, जाळी, तांब्याचे वॉशर, दोन क्लिपा आणि माझी मजुरी. नंतर काकाजींना सांगून मुद्दाम टाकी काट्याच्या लालपर्यंत उतरू दिली, मंडीत माल उतरवताना इंजिन चालूच ठेवायला लावलं, स्लो ६६० च्या आसपास धरून राहिली. सकाळची सुरुवात प्रायमरशिवाय. चढावर मधूनच जो एखादा झटका यायचा, ज्याची भाऊनं आधी तक्रार पण केली नव्हती, तो पण गेला असं त्यानंच सांगितलं.

काकाजींनी मग विचारलं की पंपाचं काम कधी करायचं. म्हटलं आज नाही. चारही सिलेंडर सारखं काम करतात, धूर काळा नाही, स्टार्ट एका सेल्फात आहे, मग पंप उघडायचा कशाला. मेहनतीत पंप झिजलाच असेल, वीस वर्षं झाली त्याला, पण ते ज्या दिवशी गाडी लोडवर दमायला लागेल त्या दिवशी पाहू. सध्या टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये काचेच्या वाटीचा पाणी अडवणारा फिल्टर बसवा म्हटलं, त्यात पाणी पण दिसतं आणि हवा पण. काकाजी म्हणे, "मृगाच्या मालाचे पैसे येऊ दे, मंग बसवू." भाऊ मात्र बॅटरीवरच अडून बसला होता, जुनी बॅटरी एक्सचेंजमध्ये देऊन टाकली होती ना त्यानं.